मॅक्लारेन एफ-वन की बुगाटी वेरॉन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक १९९२ची, दुसरी २००५ची. यांची तुलना करण्यात अर्थ आहे का?

आहे, कारण रस्त्यावरची जगातली सर्वांत वेगवान गाडी या एकाच किताबासाठी दोघींनी उलट्या टोकांनी सुरुवात केली. मॅक्लारेन एफ-वन ३१ मार्च १९९८ रोजी ताशी ३८६.४ किमी वेगाने धावली आणि त्यानंतर सात वर्षं तिला कुणी गाठू शकलं नाही. २००५च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या कोनिगसेग सीसीआरने इटलीत नार्दोच्या वर्तुळाकार ट्रॅकवर ताशी ३८७.८७ किमी नोंदवून हा विक्रम जेमतेम मोडला. एप्रिलमध्ये वेरॉन ४०८ वर पोहोचली आणि सीसीआरचं नाव मागे पडलं. बिचारीचं राज्य सात-आठ आठवड्यांचं.

एफ-वन घडवणारा माणूस प्रत्येक भागाकडे 'हे काढता येईल का' म्हणून बघत होता. वेरॉन घडवणाऱ्यांना आकडे आधीच ठरवून दिले होते आणि ते गाठायला लागेल ते जोडत जायची मुभा होती. 'कोणती चांगली' हा वाद घालण्याआधी एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी भांडणं मिटतील. उरलेली निम्मी मिटू नयेत, त्यातच मजा आहे.

एफ-वन ब्रिटिश आणि वेरॉन फ्रेंच, हे तरी नक्की ना?

कागदोपत्री हो. एफ-वन इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या वोकिंगला बनली, वेरॉन फ्रान्सच्या अल्सास भागातल्या मोल्सहाइमला. पण बॉनेट उघडल्यावर गोंधळ सुरू होतो. (खरं तर दोघींचंही इंजिन मागे आहे, तेव्हा 'बॉनेट' म्हणणंही चूकच.) ब्रिटिश एफ-वनचं इंजिन जर्मन बीएमडब्ल्यूचं आणि तिचे जनक गॉर्डन मरे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. फ्रेंच वेरॉनची मालकी तेव्हा जर्मन फोक्सवॅगनकडे, इंजिन जर्मनीत बांधलेलं, गिअरबॉक्स रिकार्डो या ब्रिटिश कंपनीचा आणि बाह्यरूप स्लोव्हाक डिझायनर योझेफ काबान यांचं. खुद्द एटोरे बुगाटींचा जन्मही मिलानचा. देशाभिमानाचा मुद्दा इथे फार ताणू नये.

या गाड्यांची कल्पना कुणाची?

एफ-वनची गोष्ट १९८८च्या इटालियन ग्रांप्री या फॉर्म्युला वन शर्यतीनंतरची. त्या मोसमात मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. हरलेली एकमेव शर्यत हीच. परतीचं विमान लांबलं, आणि विमानतळावर मॅक्लारेनचे रॉन डेनिस, मन्सूर ओजेह, क्रेटन ब्राउन आणि मरे यांच्यात रस्त्यावरची गाडी बनवण्याचा विषय निघाला. मरे यांच्या डोक्यात ती आधीपासून घोळत होतीच. त्यांनी इंजिनासाठी आधी होंडाला विचारलं होतं. तिथून नकार आल्यावर ते बीएमडब्ल्यूचे इंजिनतज्ज्ञ पाउल रोशे यांच्याकडे गेले.

वेरॉनची सुरुवात १९९७ साली जपानमध्ये झाली, शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेत. फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांनी एका लिफाफ्यावर अठरा सिलिंडरच्या इंजिनाचं रेखाटन केलं. तेव्हा बुगाटी त्यांच्या हातात नव्हतीही. ती फोक्सवॅगनने घेतली १९९८ मध्ये. पुढे सिलिंडर अठराचे सोळा झाले, पण मागण्या हटल्या नाहीत: १,००१ अश्वशक्ती, ताशी ४०० किमीहून जास्त वेग, शून्य ते शंभर तीन सेकंदांच्या आत, आणि त्याच गाडीतून संध्याकाळी ऑपेराला जाता आलं पाहिजे. माझ्या मते यातली शेवटची अट सगळ्यात जाचक. नुसती वेगवान गाडी बनवायची तर गरम, कर्कश, कंबर मोडणारी बनवली तरी चालते. पिएख यांनी ती पळवाटच बंद केली.

इंजिनांत नेमका फरक काय?

एफ-वनमध्ये ६.१ लिटरचं व्ही-१२ (व्ही आकारात बारा सिलिंडर) आहे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही. मिनिटाला ७,४०० फेऱ्यांवर ६२७ अश्वशक्ती, सुमारे ६५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). मरे यांनी रोशेंकडे ५५० अश्वशक्ती आणि २५० किलो वजन मागितलं होतं. इंजिन आलं २६६ किलोचं. सोळा किलो जास्त म्हटल्यावर मरे यांच्यासारख्या माणसाच्या कपाळावर आठी पडलीच असेल, पण ताकद मागणीपेक्षा बरीच जास्त होती, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही. टर्बो नको हा त्यांचा हट्ट होता. पायाखालचा एक्सीलरेटर आणि मागची चाकं यांच्यात क्षणाचंही अंतर त्यांना नको होतं.

वेरॉनचं इंजिन ८ लिटरचं डब्ल्यू-१६. अरुंद कोनाची दोन व्ही-८ एकाच क्रँकशाफ्टवर बसवली आहेत, म्हणून सोळा सिलिंडर असूनही लांबी आटोक्यात राहिली. वर चार टर्बो. १,००१ अश्वशक्ती, १,२५० न्यूटन-मीटर, आणि हा टॉर्क २,२०० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो. नावातल्या '१६.४'चा अर्थ इतकाच: सोळा सिलिंडर, चार टर्बो.

पेट्रोल इंजिन चाकांना जेवढी ताकद देतं, साधारण त्याच्या दुप्पट ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते. हजार अश्वशक्ती काढायची म्हणजे दोन हजार अश्वशक्तीची भट्टी पाठीशी घेऊन फिरायचं. वेरॉनला दहा रेडिएटर लागले ते यासाठी. गाडी यायला झालेल्या उशिरात या उष्णतेचा वाटा मोठा होता.

वेरॉनची ताकद एवढी जास्त, म्हणजे वजनाच्या हिशोबातही तीच पुढे असेल?

नाही, आणि हे ऐकून बरेच जण चमकतात. एफ-वन १,१३८ किलोची, वेरॉन १,८८८ किलोची. बरोबर साडेसातशे किलोंचा फरक. भागाकार केला तर एफ-वनला दर टनामागे सुमारे ५५० अश्वशक्ती मिळते आणि वेरॉनला ५३०. म्हणजे तेरा वर्षांनी मोठी असलेली, टर्बो नसलेली गाडी या हिशोबात किंचित वरचढच आहे.

मग शून्य ते शंभर वेरॉन इतकी पुढे कशी?

पकडीमुळे. वेरॉनला २.५ सेकंद लागतात, एफ-वनला ३.२ च्या आसपास. एफ-वनची सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर येते आणि पहिल्या गिअरमध्ये ती जमिनीवर उतरवणं चालकाच्या उजव्या पायावर सोडलं आहे. चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल नाही. क्लच स्वतः सोडायचा, गिअर हाताने टाकायचा. वेरॉनमध्ये चारही चाकं ओढतात, सात गिअरचा ड्युअल-क्लच बॉक्स गिअर बदलताना ओढ तुटू देत नाही, आणि सुटताना कंप्युटर सगळं सांभाळतो. गाडी चालती झाल्यावरही वेरॉन अंतर वाढवत नेते: ताशी २०० किमीला ती ७.३ सेकंदांत पोहोचते, एफ-वन ९.४ मध्ये.

ताकदीत ३७४ अश्वशक्तींचा फरक, आणि वेगात जेमतेम २० किमीचा! हे कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

ताशी दोनशेच्या पुढे गाडीचं भांडण वजनाशी राहत नाही, हवेशी होतं. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ताकद आठपट. आता हिशोब करू. ३८६ वरून ४०७ म्हणजे वेगात साडेपाच टक्क्यांची वाढ. तिचा घन केला की ताकद सुमारे १७ टक्के जास्त लागते.

पण वेरॉन आकारानेही मोठी आहे. एफ-वनचा हवारोध गुणांक ०.३२ आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ साधारण १.८ चौरस मीटर. वेरॉनचा गुणांक टॉप स्पीडच्या मांडणीत सुमारे ०.३६ आणि क्षेत्रफळ दोनच्या थोडं वर. दोन्हींचा गुणाकार घेतला तर वेरॉनला त्याच वेगाला तीसेक टक्के जास्त हवा ढकलावी लागते. १.१७ गुणिले १.३ म्हणजे सुमारे १.५२. एफ-वनच्या ६२७ ला त्याने गुणा: ९५० च्या आसपास. टायरांचं जास्त घर्षण आणि चारही चाकं फिरवण्यात जाणारी ताकद धरली की आपण हजारापाशी येऊन उभे.

थोडक्यात, त्या ३७४ अश्वशक्तींपैकी जेमतेम शंभरएक वेग वाढवायला खर्ची पडल्या. बाकीच्या वेरॉनच्या स्वतःच्या अंगाचा भार वाहण्यात गेल्या. वजनावरून वेरॉनला नावं ठेवणाऱ्यांना मी हेच सांगतो की टॉप स्पीडपुरता खरा दोष वजनाचा नसून रुंद अंगाचा आहे. आणि अंग रुंद झालं ते दहा रेडिएटर आणि जाड टायर सामावून घेण्यात.

एफ-वनचा विक्रम कारखान्यातून निघालेल्या गाडीचाच होता का?

जवळजवळ. गाडी एक्सपी-५ नावाचा प्रोटोटाइप होती. ग्राहकांच्या गाडीत इंजिन ७,५०० फेऱ्यांवर अडवलेलं असे, त्या दिवशी ती मर्यादा ८,३०० पर्यंत वाढवली होती. जागा होती जर्मनीतला फोक्सवॅगनचा एरा-लेसिएन ट्रॅक. सात वर्षांनी वेरॉनने ४०८ गाठले तेही तिथेच. आपला विक्रम मोडणाऱ्यांच्याच अंगणात एफ-वनने तो केला होता.

त्या दिवशी एफ-वन चालवत होते अँडी वॉलेस. २०१९ मध्ये वेरॉनची वारसदार शिरॉन त्याच ट्रॅकवर ताशी ४९०.४८ किमीला पोहोचली, तेव्हाही स्टिअरिंगवर हाच माणूस.

चालकाची सीट मधोमध का?

बाजूला बसलं की पुढच्या चाकाच्या कमानीमुळे पाय तिरके ठेवावे लागतात आणि पेडल सरकवलेले असतात. मध्ये बसलं की पाय सरळ, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, आणि डाव्या-उजव्या रस्त्यांसाठी दोन वेगळ्या गाड्या बनवाव्या लागत नाहीत. दोन प्रवासी चालकाच्या दोन बाजूंना, किंचित मागे बसतात. त्यामुळे ही तीन माणसांची गाडी झाली.

आत शिरणं मात्र एक कसरत आहे. दार वर आणि पुढे उघडतं, मग बाजूच्या प्रवाशाच्या जागेवरून सरकत, पाय उचलून मध्ये जायचं. गिअरचा दांडा उजव्या हाताला असल्याने डावीकडून चढणं त्यातल्या त्यात सोपं. आणि टोल नाक्यावर? दोन्हीकडची खिडकी तितकीच लांब!

इंजिनाभोवती खरंच सोनं लावलंय?

हो, पातळ वर्ख, सुमारे १६ ग्रॅम. एफ-वनचा सांगाडा कार्बन फायबरचा आहे (रस्त्यावरच्या उत्पादन गाड्यांत असा पूर्ण सांगाडा पहिल्यांदा तिच्यातच आला) आणि कार्बनच्या भागांना एक्झॉस्टची धग सोसत नाही. सोनं उष्णता उत्तम परावर्तित करतं आणि एवढं पातळ लावता येतं की वजन नगण्य. ज्या गाडीत वजन वाचवायला टूलकिट टायटॅनियमचा दिला आणि रेडिओ दिलाच नाही, तिथे सोनं शोभेसाठी लावलं असेल हे पटतच नाही.

वेरॉनला दोन किल्ल्या लागतात म्हणे?

एक रोजची. तिच्यावर गाडी ताशी ३७५ किमीपर्यंत जाते, म्हणजे 'रोजची' हा शब्द जपूनच वापरायचा. दुसरी किल्ली टॉप स्पीडची. गाडी थांबवायची, चालकाच्या सीटच्या डावीकडच्या जागेत ती घालून फिरवायची. गाडी आधी स्वतःची तपासणी करते. सगळं ठीक असेल तर पुढची बाजू जमिनीपासून ६५ मिलिमीटरवर खाली बसते, पुढचे हवेचे झडप-मार्ग मिटतात आणि मागचा पंख जवळपास पूर्ण आत जातो. हवारोध कमी होतो आणि गाडीला जमिनीवर दाबून धरणारा जोरही कमी होतो. म्हणून ही मांडणी फक्त सरळ रेषेसाठी. ब्रेकला पाय लागला की गाडी ती सोडून देते.

टायर पंधरा मिनिटांत संपतात हे खरं का?

पूर्ण वेगाने सलग पळवली तर, हो. पण तोवर वेळ येत नाही, कारण १०० लिटरची टाकी त्याआधीच, साधारण बारा मिनिटांत रिकामी होते. मिशलाँने खास या गाडीसाठी बनवलेले मागचे टायर ३६५ मिलिमीटर रुंद आहेत. चार टायरांच्या संचाच्या किमतीत एक चांगली नवी मोटार येते. पुढे २०१० मध्ये १,२०० अश्वशक्तीची सुपर स्पोर्ट ४३१ वर गेली, तेव्हाही ग्राहकांच्या गाड्या ४१५ वर अडवल्या होत्या, त्या टायरांच्याच काळजीने.

ब्रेक कुणाचे चांगले?

इथे तुलना एकतर्फी आहे. वेरॉनला कार्बन-सिरॅमिक डिस्क, एबीएस, आणि ताशी २०० च्या वर जोरात ब्रेक मारला की ०.४ सेकंदात उभा राहणारा मागचा पंख. एफ-वनला साध्या लोखंडी डिस्क, एबीएस नाही, ब्रेकला सर्व्होची (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची) मदत नाही, पॉवर स्टिअरिंगही नाही. कार्बन ब्रेक करून पाहिले होते, पण रस्त्यावर ते पुरेसे तापत नसत. ताशी ३७० किमीची गाडी निव्वळ पायाच्या जोरावर थांबवायची म्हणजे छातीच हवी. मरे यांचे भक्त याला 'शुद्ध अनुभव' म्हणतात. पावसात मी तरी तसं म्हणणार नाही.

शर्यतीत कोण भारी?

वेरॉन शर्यतीत उतरलीच नाही. एफ-वनही त्यासाठी बनवलेली नव्हती. ग्राहकांनीच मरे यांच्या मागे लागून शर्यतीची जीटीआर आवृत्ती करवून घेतली. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत, बराच वेळ पावसात, यानिक दालमास, मासानोरी सेकिया आणि जे. जे. लेहटो यांच्या ५९ क्रमांकाच्या एफ-वनने सर्वसाधारण विजेतेपद पटकावलं, खास शर्यतीसाठी बांधलेल्या प्रोटोटाइप गाड्यांना मागे टाकून. तिसरी, चौथी आणि पाचवीही एफ-वनच होती. नियमांमुळे इंजिनाची हवा आवळलेली असल्याने या गाड्यांची ताकद रस्त्यावरच्या एफ-वनपेक्षा कमी होती.

ल माँशी वेरॉनचं नातं नावापुरतं, पण घट्ट आहे. प्येर वेरॉन यांनी जाँ-प्येर विमिलसोबत १९३९ ची ल माँ बुगाटीतून जिंकली होती. आणखी एक धागा: एफ-वन जीटीआर शर्यतीत चालवणारे जर्मन बँकर टोमास बशर पुढे बुगाटीचे प्रमुख झाले आणि वेरॉन बाजारात आली ती त्यांच्याच काळात.

किती बनल्या आणि किमती काय?

एफ-वन एकूण १०६, त्यात रस्त्यासाठीच्या मूळ रूपातल्या फक्त ६४. किंमत ५,४०,००० पौंड. बेत तीनशेचा होता, पण नव्वदच्या सुरुवातीच्या मंदीत गिऱ्हाईक मिळेना. वेरॉन ४५० बनल्या, सुरुवातीची किंमत करांशिवाय दहा लाख युरोंच्या पुढे. तरीही प्रत्येक गाडीमागे फोक्सवॅगनने काही दशलक्ष युरो गमावले, असा विश्लेषकांचा अंदाज आहे. पिएख यांना त्याची फिकीर असल्याचं कधी दिसलं नाही.

आज चित्र उलटं आहे. २०२१ मध्ये पेबल बीचच्या लिलावात एक एफ-वन २ कोटी डॉलरच्या वर गेली. वेरॉन त्याच्या अंशाला मिळते. संख्या हे एक कारण. दुसरं असं की वेरॉनचा वेग पुढे तिच्याच वारसांनी मागे टाकला, तर हाताचे गिअर, मधली सीट आणि टर्बोविना व्ही-१२ असं एकत्र देणारी गाडी पुढची अनेक वर्षं कुणी बनवलीच नाही.

सांभाळायला सोपी कोणती?

दोन्ही नाहीत. एफ-वनची इंधन टाकी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढतात. निदानासाठी नव्वदीतला कॉम्पॅक लॅपटॉप लागायचा, आणि मॅक्लारेनच्या तंत्रज्ञांना तो कितीतरी वर्षं जपून ठेवावा लागला. वेरॉनचा खर्च टायर, चाकं आणि नळ्यांच्या जंजाळातून येतो.

गॉर्डन मरे यांनी वेरॉनची खिल्ली उडवली होती ना?

गाडी यायच्या आधी, हो. एवढं वजन आणि एवढी ताकद त्यांच्या तत्त्वात बसणारी नव्हती. नंतर त्यांनी ती स्वतः चालवली आणि तिच्यामागच्या अभियांत्रिकीचं मोकळेपणाने कौतुक केलं. एफ-वनचे चाहते किस्सा सांगताना हा दुसरा भाग सहसा गाळतात.

मग तुमचं मत?

चालवायला एफ-वन. पण जास्त अवघड काम कोणतं होतं असं विचाराल तर वेरॉनचं. हलकी गाडी बनवायला एका माणसाची नजर आणि जिद्द पुरते. हजार अश्वशक्तीची गाडी गरम न होता, न उडता, एसी लावून कुणाच्याही हातात देता यावी यासाठी मोठी संघटना वर्षानुवर्षं झिजावी लागते, आणि पैशाचा हिशोब न विचारणारा पिएखसारखा मालक लागतो. ज्यांना वेरॉन म्हणजे नुसता पैशाचा माज वाटतो, त्यांनी तो ऑपेराचा मुद्दा पुन्हा वाचावा.

या दोन्ही घराण्यांचं पुढे काय झालं?

मरे यांनी २०२० मध्ये टी.५० आणली: मधली सीट, हाताचे गिअर, १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाणारं ३.९ लिटरचं व्ही-१२, वजन हजार किलोंच्या आत. बुगाटीने २०२४ मध्ये तूरबियाँ दाखवली. तिच्यात चारही टर्बो गेले, डब्ल्यू-१६ गेलं, आणि ८.३ लिटरचं टर्बोविना व्ही-१६ विजेच्या मोटरांच्या जोडीला आलं. दोन्ही इंजिनं घडवली एकाच ब्रिटिश कंपनीने: कॉसवर्थ.